पूजेतल्या साखळ्या

कोयनेला भूकंप झाला त्या हिवाळ्यात मी नागपुरात पाण्याच्या ऑफिसात रोजंदारीवर टायपिस्ट होते. एकोणीस वर्षांची. बाबा त्याच खात्यात, पण शहराबाहेर तलावाकाठच्या फिल्टर हाऊसवर, क्लोरीनच्या खोलीत. सकाळी नळाला जो दवाईचा वास यायचा ना, तो वास माझे बाबा सोडायचे. शाळेत मैत्रिणी पाण्याला नाक मुरडायच्या तेव्हा मला आपल्यालाच कोणी नाव ठेवल्यासारखं वाटायचं.

ती खोली मी लहानपणापासून पाहत आले होते, कारण आमचं क्वार्टर तिथून हाकेवर होतं. भिंतीला लागून नऊ सिलिंडरं उभी. माझ्या छातीपर्यंत उंच, माणसापेक्षा जड आणि बूड एवढंसं. बाबा भरलेलं सिलिंडर तिरपं करायचे आणि त्याच्या काठावर गरगर फिरवत जागेवर न्यायचे, जसं काही त्याला नाचायला शिकवून राहिले. एक सिलिंडर चालू असायचं. त्याच्या डोक्यावरून करंगळीएवढी तांब्याची नळी निघायची आणि भिंतीवरच्या मशीनला जायची. त्या नळीतून गॅस, गॅसमधून पाण्याला दवाई. बस, एवढंच. आणि ती नळी तुटली तर खोलीतला माणूस संपला.

हे मला एका कागदानं कळलं. भूकंपानंतर वरून एक परिपत्रक आलं. पाण्याच्या प्रत्येक ठिकाणी काय काय करायचं ते त्यात होतं. टाकीत नळ शिरतो तिथे रबराचा सांधा द्या, म्हणजे हादऱ्यात नळ मोडणार नाही. बॅटऱ्या फळीवर नुसत्या ठेवू नका, चौकट करा. गॅसचा मुखवटा हाताशी ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खाली बसू नका, उंचावर जा, वाऱ्याच्या उलट जा. आणि क्लोरीनची सिलिंडरं साखळीनं भिंतीला बांधा, कारण एखादं पडून नळी तुटली तर खोलीतल्या कर्मचाऱ्याच्या जिवाला धोका आहे. मी धडाधड टाइप करत होते, चार कार्बन लावून, आणि त्या ओळीवर आले अन् माझी बोटं थांबली. खोलीतला कर्मचारी म्हणजे कोण? दुसरं कोण असणार तिथे?

संध्याकाळी सायकलवरून उतरायच्या आधीच मी सुरू झाले.

"बाबा, तुमचे सिलिंडर बांधून नाहीत."

"कायले बांधाचे? बैल हायेत का ते?"

"भूकंपात पडतील."

"नागपूरले भूकंप येते का कधी?" बाबा बिडी विझवत म्हणाले. "खाली अख्खा काळा दगड हाये. कोयनेले आला तर आमची भाकर पण नाही हलली तव्यावरची."

आई चुलीपाशून म्हणाली, "एक साखळी बांधली तर तुमचं काय जाते? पोरगी काही वाईट नाही सांगून राहिली."

"तुम्ही दोघी मिळून मलेच बांधा," बाबा म्हणाले आणि खोकले. तो खोकला बिडीचा आहे असं सगळे म्हणायचे. बिडीचा असता तर पंपावरच्या मिस्त्रीकाकांनाही असता, ते तर दिवसाला दोन कट्टे ओढायचे.

काळा दगड. हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की मला त्या दगडाचाच राग यायला लागला. ऑफिसातले मोठे बाबू, ज्यांच्या हाताखाली मी होते, तेही हेच म्हणाले. साहेबही हेच म्हणाले. जसं काही सगळे जण विहीर खणून स्वतः खाली बघून आले होते.

महिन्याभरात वरून स्मरणपत्र आलं, की काय काय केलं ते कळवा. साहेबांनी मसुदा माझ्या टेबलावर पाठवला. इंग्रजीत, रकाने आखलेले. डावीकडे काम, उजवीकडे स्थिती. आणि उजवीकडे प्रत्येक ओळीसमोर एकच शब्द, कम्प्लीटेड. रबराचा सांधा, कम्प्लीटेड. बॅटऱ्या, कम्प्लीटेड. साखळ्या, कम्प्लीटेड. मुखवटा हाताशी, कम्प्लीटेड. मुखवटा ऑफिसच्या स्टोअरमध्ये काचेच्या कपाटात होता आणि कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली स्टोअरकीपरच्या जानव्याला होती. हाताशी म्हणे.

मी मसुदा घेऊन मोठ्या बाबूंपाशी गेले.

"हे झालेलं नाही."

"काय नाही झालं?"

"काहीच नाही झालं. साखळ्या नाहीत. मी रोज पाहते."

मोठ्या बाबूंनी पानाची पिंक टाकून घेतली आधी. "तू टायपिस्ट हायेस का इन्स्पेक्टर?"

"टायपिस्ट."

"मंग टाइप कर वं पोट्टे. सांधे जोडाले कोणी बोलावलं तुले?"

मी टाइप केलं. होय, केलं. रोजंदारी होती, बाबांनी साहेबांच्या हातापाया पडून लावून दिली होती, मी केलं. पण इतक्या जोरात केलं की कम्प्लीटेडच्या प्रत्येक टिंबाला कागदाला भोक पडलं. मोठे बाबू म्हणाले, कागद आहे तो, गहू नाही कांडायचा.

मग मी ठरवलं की ते खोटं आहे ना, खरं करून टाकायचं. स्टोअरमध्ये साखळ्या होत्या. तलावाचा दरवाजा उचलायला कधीतरी आणल्या होत्या आणि पडून होत्या, मी स्वतः पाहिल्या होत्या. स्टोअरकीपर मागणीपत्राशिवाय खिळा देत नसे. साहेब न वाचता सह्या करायचे, त्याची मला दोन वर्षं चीड होती, ती चीड त्या दिवशी कामी आली. मीच मागणीपत्र टाइप केलं, रजेच्या अर्जांच्या मध्ये खुपसलं, आणि दुपारी सही होऊन परत आलं. ते हातात धरून मी स्टोअरमध्ये गेले तर स्टोअरकीपर म्हणतो, "भूकंपाची तयारी करून राहिली का? माझ्यासाठी पण एक साखळी ठेव, बायको फार हलवते."

फिल्टर हाऊसवर पंप सांभाळणारे मिस्त्रीकाका होते. बाबांचे जुने दोस्त. दोघं एकाच शिफ्टला असले की एकाच डब्यात जेवायचे, तेव्हा ही काही छोटी गोष्ट नव्हती, आमच्या घरानं दीक्षा घेतलेली होती आणि काकाजी, मी त्यांना काकाजीच म्हणायचे, पक्के देवभक्त. त्यांनी भिंतीला आकडे ठोकले. मे महिन्याचं ऊन, खोलीत भट्टी, आणि काकाजी घामात न्हात छन्नीनं भिंत फोडून राहिले होते आणि मला टोमणे मारून राहिले होते.

"कसा येते वं तुझा भूकंप? इकडून का तिकडून?"

"कुठूनही."

"मंग दोन्हीकडून बांधतो."

खरंच दोन्हीकडून बांधली. प्रत्येक सिलिंडरला एक फेरा पोटाला, एक फेरा मानेखाली, आकड्यात अडकवून. सिलिंडर बदलायचं असलं की आकड्यातून काढायची, बदललं की परत लावायची. बाबा आधी हसले. मग आठ दिवसांनी मी पाहिलं तर ते आकड्यांना तेल लावून राहिले होते. उन्हाळाभर मला छान झोप लागली.

आता दसऱ्याचं सांगते, आणि इथून पुढे मला शांतपणे सांगता येत नाही.

खंडेनवमीला फिल्टर हाऊसवर मशीनची पूजा व्हायची. पंप धुवायचे, पुसायचे, झेंडूच्या माळा, कुंकवाची बोटं, आणि पंपाच्या ओट्यावर सगळी हत्यारं मांडायची. पाने, हातोडे, छन्न्या, सगळं लोखंड. आणि मांडलं की ते हलवायचं नाही. नवमीला मांडलेली हत्यारं दसऱ्याचा दिवस पूर्ण विश्रांती घेतात, एकादशीला सकाळी नारळ फुटला की मग उचलायची. दसऱ्याला काही बिघडलं तर शेजारच्या गॅरेजमधून पाना मागून आणायचे पण पूजेतला पाना उचलायचे नाहीत. हे सगळं मला माहीत होतं. दर वर्षी प्रसादाच्या खोबऱ्यासाठी मी त्या ओट्यावर टपलेली असायचे.

बाबा नवमीला आणि दसऱ्याला सकाळी ड्युटीवर नसत. आम्ही दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचो. पांढरी साडी, पांढरा सदरा, आईच्या हातात पिठलं-भाकरीचं गाठोडं, खेड्यांवरून ट्रकनं आलेली माणसंच माणसं. बाबांचा मामेभाऊ कुहीकडून यायचा. त्या वर्षीही गेलो, वंदना झाली, झाडाखाली जेवलो. बाबांची दुपारची शिफ्ट होती, दोन वाजताची, म्हणून आम्ही दोघं सायकलवर डबलसीट निघालो. मी क्वार्टरवर न थांबता बाबांबरोबर खोलीपर्यंत गेले. कारण आई आणि मामेकाका दीक्षाभूमीवरच थांबणार होते आणि मला घरी एकटीला कंटाळा आला असता. एवढंच कारण होतं.

खोलीच्या दारात बाबा थबकले. मीही थबकले.

भिंतीला पांढरा चुना मारलेला. चुना मारायला सिलिंडरं भिंतीपासून काढून खोलीच्या मध्यात आणली होती आणि तिथेच गोल करून उभी ठेवली होती, प्रत्येकाला माळ, प्रत्येकाला कुंकू. फक्त चालू सिलिंडर नळीपाशी होतं, पण तेही मोकळं. फरशी धुतलेली, ओली. भिंतीवर आकडे रिकामे.

"काकाजी, साखळ्या कुठं हायेत?"

मिस्त्रीकाका ओट्यापाशी बसले होते, नवा सदरा, कपाळाला गंध. अभिमानानं म्हणाले, "पूजेत."

आणि खरंच. ओट्यावर सगळ्यात मध्ये, हातोड्यांच्या वर, साखळ्यांची गुंडाळी करून ठेवलेली, त्यावर झेंडू, हळद, कुंकू, वर अख्खी सुपारी. या वर्षी नवं लोखंड खोलीत आलं होतं ना, म्हणून मान त्याचा पहिला. बाजूला गॅस बंद करायचा पाना. आणि मुखवटा. काकाजींनी स्टोअरकीपरच्या मागे लागून तो कपाटातून आणला होता, पूजेसाठी. त्याच्या दोन्ही काचांवर कुंकवाचं एक एक बोट, डोळे आल्यासारखं.

"तुमचं डोकं फिरलं का काकाजी? आत्ता लावा त्या साखळ्या."

"उद्या सकाळी नारळ फुटला की लावतो. पूजा उचलली नाही वं आजून."

"मी उचलते."

"ए," बाबा म्हणाले.

मी वळून पाहिलं. बाबांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता, एकदम गुळगुळीत, पाहुण्यांसमोर होतो तसा.

"राहू दे," ते म्हणाले. "एका दिवसाचं काय हाये."

"बाबा, ओली फरशी हाये, मोकळे उभे हायेत ते."

त्यांनी मला दारामागे ओढलं. हळू आवाजात म्हणाले, "आपण हात नाही लावाचा. आपण आत्ता दीक्षाभूमीवरून येऊन राहिलो, पांढरे कपडे अंगावर, आन् यायची पूजा मोडली तर उद्या शहरभर काय होईन ठाऊक हाये तुले? यानं प्रेमानं मांडली ते. राहू दे म्हटलं ना."

आणि मी राहू दिलं. परिपत्रक मला तोंडपाठ होतं, चार कार्बन लावून पाठ झालेलं, आणि मी राहू दिलं. देवाला न मानणारा माणूस देवाच्या पूजेला हात लावायला भ्याला, आणि देवाला मानणाऱ्यानं माझ्या बाबांना वाचवायच्या साखळीला माळ घालून झोपवलं, आणि दोघंही एकमेकांचा मान राखून राहिले होते. मला दोघांच्याही थोबाडीत मारावीशी वाटली होती. मी ओट्याखाली पायरीवर जाऊन बसले.

चारच्या सुमारास लाइट गेली. लाइट गेली की पंप बंद पडतात, आणि चढावाच्या मोठ्या नळातलं पाणी उलटं खाली येतं, आणि पंपाजवळची लोखंडी झडप आदळते. दर वेळी आदळायची. नळाच्या पोटात कोणी घण घातल्यासारखा आवाज, आणि पायाखालची फरशी दणका खायची. मला लहानपणापासून सवय होती. बाबा खोलीबाहेर पाणी प्यायला आले होते, हातात पेला होता.

दणका बसला. आणि पाठोपाठ आतून दुसरा आवाज आला. जड, ओला आवाज. मध्यात उभं असलेलं एक सिलिंडर घसरून चालू सिलिंडरवर पडलं होतं.

मग शिट्टी. बारीक, लांब. नळी तुटली होती.

बाबांनी पेला टाकला आणि पान्यासाठी खिशात हात घातला. पाना खिशात नव्हता. पाना पूजेत होता. ते ओट्याकडे धावले, आणि ज्या पूजेला दोन तासांपूर्वी मला हात लावू दिला नव्हता तिच्यात हात घातला, झेंडू उडाला, सुपारी घरंगळत माझ्या पायापाशी आली. काकाजी ओरडत होते, मुखवटा घे, मुखवटा घे. बाबांनी ऐकलं नाही. डोक्याचा पंचा हौदात बुडवला, तोंडाला गुंडाळला आणि आत गेले.

दारातून पिवळट हिरवं काहीतरी जमिनीलगत सरकत बाहेर यायला लागलं. पाण्यासारखं. पूजेच्या पाया पडायला आलेली क्वार्टरमधली माणसं पायऱ्यांवर बसलेली होती, दोघी तिघी बाया घाबरून तिथेच खाली वाकून बसल्या, पदरात तोंड लपवून. मी त्यांना ओढलं. खाली बसू नका, वर चढा, टाकीच्या जिन्यावर चढा, वारा तिकडून आहे, तिकडे तोंड करा. मी काय काय बोलत होते मला आठवत नाही, पण ती सगळी परिपत्रकातली वाक्यं होती, मराठीत करून.

शिट्टी थांबली. बाबा बाहेर आले नाहीत. मग काकाजींनी मुखवटा चढवला, कुंकवाच्या काचांमधून त्यांना काय दिसलं असेल देव जाणे, आणि आत गेले आणि बाबांना काखेत धरून ओढत आणलं. बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाणी, चुना, झेंडूच्या पाकळ्या. त्यांचा श्वास असा येत होता जसं कोणी फाटका भाता ओढून राहिलं. काकाजींनी मुखवटा फेकला, बाबांच्या तोंडात गूळ कोंबला, क्लोरीनवाले गॅस लागला की गूळ खातात, आणि रडत रडत शिव्या दिल्या. "भैताडा, मुखवटा घे म्हटलं ना तुले. म्हटलं ना."

बाबा सोळा दिवस दवाखान्यात होते. वाचले. खोकला मात्र आता दम्यासारखा झाला, जिना चढताना मध्ये थांबायचे.

ते दवाखान्यात असतानाच माझ्या टेबलावर चौकशीचा कागद आला. साहेबांच्या अक्षरात. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, भूकंप झालेला नाही, म्हणून भूकंपाच्या परिपत्रकाशी या घटनेचा संबंध नाही. मी हे वाक्य तीन वेळा वाचलं. जसं काही सिलिंडर पडताना विचारतं, दणका कोणत्या खात्याचा आहे. आणि दुसरी, साखळ्या बसवल्याचा अहवाल फेब्रुवारीतच गेलेला आहे, त्यामुळे त्या काढण्याची जबाबदारी खोलीवरच्या ऑपरेटरची, सबब निष्काळजीपणा.

ऑपरेटर. माझे बाबा. दवाखान्यात नळी नाकात असलेले.

आणि साखळ्या? साखळ्या चौकशीचा पुरावा म्हणून जप्त. पोत्यात भरून, लाखेचं सील मारून, स्टोअरमध्ये. सिलिंडरं पुन्हा भिंतीला मोकळी उभी. बाबा बरे होऊन कामावर गेले, त्याच खोलीत, त्याच मोकळ्या सिलिंडरांपाशी, कारण सील तोडलं तर चौकशी बिघडते. मी मोठ्या बाबूंना विचारलं की चौकशी किती दिवस चालेल. म्हणाले, घाई काय आहे, कोणी मेलं थोडीच.

बाबा काथ्याच्या दोरीनं बांधायचे. क्लोरीनच्या खोलीत काथ्या महिन्यात कुजतो. रोज संध्याकाळी मी विचारायचे, दोरी पाहिली का. रोज म्हणायचे, पाहिली. लाइट गेली की मी हातातलं भांडं धरून उभी राहायचे, तो दणका ऐकायला, आणि नंतरची शिट्टी ऐकायला. आमच्या क्वार्टरपर्यंत दणका यायचा.

शेवटी जबानी घ्यायचा दिवस आला. साहेबांच्या खोलीत मला मशीनसकट बसवलं, बोलतील तसं उतरवायला. बाबांना विचारलं, साखळ्या कोणी काढल्या. बाबा म्हणाले, माहीत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी खिडकीकडे पाहिलं. तीच गुळगुळीत तोंडाची तऱ्हा. मग मिस्त्रीकाका.

"साखळ्या कोणी काढल्या?"

"काढल्या म्हणजे काय साहेब. पूजेत होत्या."

"कोणी ठेवल्या पूजेत?"

"मीनंच ठेवल्या. नवं लोखंड होतं. चुना पण मीच माराले लावला. यानं त काही केलं नाही, हा त ड्युटीवर पण नोहता."

मी काकाजी बोलायच्या आत टाइप करत होते. माझी गाडी जोरात होती. साहेबांनी हात वर केला, थांब, हे घेऊ नको, पण तोवर ते चारही कागदांवर उतरलं होतं. पूजेत होत्या. मीच ठेवल्या. काकाजींनी पुढे वाकून पाहिलं, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, विचारलं, जसं म्हटलं तसंच हाये ना? मी म्हटलं हो. त्यांनी सही केली. चारही प्रतींवर.

ते दोघं बाहेर गेले. साहेब म्हणाले, "हे फाड. दुसरं टाइप कर. पूजेचं नाव कागदावर आलं तर उद्या पेपरात येईल, मोर्चे येतील. कारण निश्चित सांगता येत नाही, एवढं लिही. तुझ्या वडिलांवरचा निष्काळजीपणा तेवढा सौम्य करतो. ताकीद देऊन सोडू."

"ते कागद बाबांना पूर्ण सोडवतात, साहेब."

"मिस्त्रीला अडकवतात. ते चालेल तुला?"

माझ्या मशीनमध्ये ते चार कागद अजून होते. मी ते बाहेर काढले, नीट जुळवले आणि मांडीवर ठेवले. मला इतका राग आला होता की माझा आवाज एकदम मऊ झाला.

"आधी साखळ्या सोडा."

"काय?"

"चौकशी संपली ना आज? मग पुराव्याचं काम संपलं. स्टोअरला चिठ्ठी द्या. साखळ्या लागल्या की मी हे फाडते आणि तुम्ही म्हणता ते टाइप करते."

"तू कोणाशी बोलून राहिली, कळते का तुला?"

"हो साहेब."

मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. मी पहिल्यांदा त्यांना काहीतरी वाचून सही करताना पाहिलं.

स्टोअरमधून पोतं घेतलं, सील तोडलं, काकाजींच्या सायकलच्या कॅरिअरवर बांधलं. मी मागून माझ्या सायकलवर, कागद पोटाशी, पोलक्यात. खोलीत गेल्यावर काकाजींनी एकेक साखळी आकड्यात अडकवली, दोन्हीकडून, आणि त्यातल्या काहींवर अजून हळद होती. ती त्यांनी पुसली नाही. नऊच्या नऊ लागल्या तेव्हा मी त्यांच्यासमोर ते चार कागद फाडले. ते म्हणाले, "कायले फाडले? मी त खरं बोललो होतो." मी म्हटलं, मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांचं वाक्य टाइप केलं. बाबांना लेखी ताकीद मिळाली, निष्काळजीपणाची, नोकरीच्या पुस्तकात लाल शाईनं. मला पुढच्या महिन्यापासून काम नाही असं मोठ्या बाबूंनी सांगितलं, आणि वर हसून म्हणाले, आता घरी बसून भूकंपाची वाट पाहा.

बाबांना सगळं काकाजींकडून कळलं. ते माझ्याशी बोलले नाहीत. तीन दिवस, चार दिवस. आई म्हणायची, बोला ना पोरीशी. ते जेवायचे, हात धुवायचे, बाजेवर पडायचे. पाचव्या दिवशी भाकरी मोडता मोडता भिंतीकडे पाहत म्हणाले, "वीस वर्षांत एक लाल शेरा नोहता माझ्या पुस्तकात."

"तुम्ही माहीत नाही म्हटलं ना जबानीत. तुम्हीच म्हटलं."

"मी म्हटलं ते माझ्या दोस्तासाठी म्हटलं. त्यानं सोडवलं होतं मले. त्याच्या तोंडानं. तू फाडलं."

"फाडलं."

"माझं नाव विकलं तुनं साखळीसाठी."

"हो. विकलं. अजून विकीन."

आई म्हणाली, अगं. बाबा खोकले, बराच वेळ खोकले, पाणी प्यायले. मी त्यांच्या ताटाकडे पाहत राहिले कारण तोंडाकडे पाहिलं असतं तर रडले असते, आणि मला रडायचं नव्हतं, मला भांडायचं होतं. साहेबांशी, मोठ्या बाबूंशी, काकाजींशी, त्यांच्याशी, ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं होतं की खाली काळा दगड आहे, सगळ्यांशी.

बाबांनी घास तोंडात घातला. चावत चावत म्हणाले, "तिसऱ्या सिलिंडरची सैल बसली हाये. आकडा वाकला हाये तिथचा. उद्या ठोकतो."

"उद्या काहून?"

"जेवून राहिलो ना मी."

"जेवा. मग जा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाच दिवसांत पहिल्यांदा. मग ताट सरकवलं, हात धुतला, दारामागचा हातोडा घेतला आणि सायकल काढली. मी म्हटलं, थांबा, मी पण येते, आणि कॅरिअरवर बसले.